साफ केलेल्या पितळी पुंगळ्या कशा साठवाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी जी मराठी मंडळी रेंजवर नियमित नेमबाजी करतात आणि आपली काडतुसं स्वतः पुन्हा भरतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. दारू किती घालायची, कुठली गोळी वापरायची हा इथला विषय नाही, त्यासाठी छापील लोड मॅन्युअल वापरावं. इथे फक्त मधल्या टप्प्याबद्दल बोलू. पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच, साफ झाली, चकचकीत झाली, आणि आता ती पुढच्या भरणीपर्यंत काही महिने किंवा काही वर्षं नीट राहायला हवी. मी ह्यूस्टनला राहतो. इथली हवा कोकणासारखी दमट आहे, म्हणून ओलाव्याबद्दल जरा जास्तच आग्रहाने लिहिलं आहे.

पितळ गंजत नाही. मग साठवणीची एवढी काळजी कशाला?

लोखंडासारखं गंजत नाही, हे खरं. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७०% तांबं आणि ३०% जस्त. कोरड्या जागी ते दशकानुदशकं टिकतं. पण त्याचं नुकसान तीन गोष्टी करतात: ओलावा, अमोनिया आणि ओळख हरवणं. पहिल्या दोन गोष्टी लोकांना पटतात. तिसरी पटायला वेळ लागतो, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महाग पडते. डब्यातली पुंगळी कुणाची, किती वेळा झाडलेली, तापवून मान कधी नरम केलेली, हे कळेनासं झालं तर ती कितीही चमकत असली तरी भरवशाची राहत नाही. रायफलच्या काडतुसात ५०,००० ते ६०,००० पीएसआयचा (चौरस इंचाला पाउंड) दाब तयार होतो आणि तो वायू मागे निसटू न देण्याचं काम या पातळ पितळेचं असतं. तिचा इतिहास माहीत असणं हा सुरक्षिततेचा भाग आहे.

पुंगळी पूर्ण वाळली हे ओळखायचं कसं?

बाहेरून पाहून ओळखता येत नाही. पाणी लपतं ते प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या, बुडात बसणाऱ्या छोट्या टोपीच्या) खळग्यात, बुडाच्या बारीक छिद्रात आणि आतल्या तळाच्या कोपऱ्यात. कोरड्या टंबलरमध्ये, म्हणजे मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात साफ केल्या असतील तर हा प्रश्नच येत नाही. स्टीलच्या पिना, साबण आणि पाणी घालून ओल्या पद्धतीने धुतल्या असतील किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात टाकल्या असतील तर वाळवणं हेच मुख्य काम.

ओल्या पद्धतीने धुणार असाल तर जुना प्रायमर आधी काढून टाका. तो आत राहिला तर त्याच्याभोवती पाणी अडकतं आणि काही दिवसांनी तिथे हिरवं दिसायला लागतं. धुऊन झाल्यावर स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून घ्या. नळाचं पाणी जड असेल तर शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात करा, म्हणजे पांढुरके डाग पडत नाहीत. मग टॉवेलमध्ये घेऊन दोन्ही टोकांनी धरून इकडून तिकडे घोळवा. यानेच अर्ध्याहून जास्त पाणी निघून जातं.

पुढे फळं वाळवायचं डीहायड्रेटर सगळ्यात सोयीचं. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तास-दीड तास पुरतो. ओव्हन वापरलाच तर ९० अंशांच्या वर, म्हणजे २०० फॅरनहाइटच्या वर जाऊ नका. पितळ नरम पडायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान लागतं, त्यामुळे ९० अंशांना धोका नसतो. पण घरगुती ओव्हनचा काटा बरेचदा खोटं बोलतो, आणि पुंगळीचं बूड नरम झालं तर ती कायमची बाद. बूड कडकच राहायला हवं, नरम असायची ती फक्त मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग. गॅसच्या शेगडीवर किंवा ब्लोटॉर्चने वाळवण्याचा विचारही करू नका.

उन्हाळ्यात कडक उन्हात चादरीवर पसरून दोन दिवस ठेवल्या तरी उत्तम वाळतात. ॲरिझोनात एक दिवस पुरतो, ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये दोन दिवसही कमी पडतात. शंका असेल तर चार-पाच पुंगळ्या झिपच्या पिशवीत बंद करून पिशवी उबदार जागी रात्रभर ठेवा. सकाळी आतून धुकं दिसलं तर सगळा घाणा पुन्हा वाळवा.

आई पितळेची भांडी चिंचेने घासायची. पुंगळ्या चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासल्या तर चालतं का?

रसायन तेच आहे. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल पितळेवरचा ऑक्साइडचा थर विरघळवतात. अमेरिकेत लोक धुण्याच्या पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्लाची पूड घालतात ती त्याचसाठी. पण देवघरातला तांब्या आणि पुंगळी यांचं काम वेगळं आहे. तांब्या आतून हाताने घासता येतो, पुंगळीच्या आत बोट जात नाही. चिंचेचा चोथा किंवा घासायच्या पावडरचे कण आत अडकले की निघत नाहीत, आणि आम्लाचा अंश राहिला तर आतून डाग पडत जातात.

सायट्रिक आम्ल वापरायचं असेल तर थोडंच वापरा आणि वेळ मोजा. जास्त वेळ जास्त आम्लात राहिलेल्या पितळेतलं जस्त पृष्ठभागावरून निघून जातं आणि पुंगळी गुलाबीसर दिसायला लागते. हलकी गुलाबी छटा कोरड्या टंबलिंगने जाते. पण ती सवय होऊ देऊ नका.

अमोनियाबद्दल सगळे इतकं का बजावतात?

कारण त्याने होणारं नुकसान आधी दिसतच नाही. पुंगळी तयार होताना, झाडली जाताना आणि पुन्हा मापात दाबली जाताना पितळेत ताण साठत जातो, विशेषतः मानेत आणि खांद्यात. अशा ताणलेल्या पितळेला ओलाव्यासोबत अमोनियाची वाफ लागली की ती तांब्याशी संयुग बनवते आणि पितळेच्या कणांच्या सीमांवरून आत शिरते. वरून पुंगळी ठीक दिसते आणि एक दिवस मानेवर केसासारखी उभी चीर उमटते.

हा शोध आपल्याकडच्या हवेमुळे लागला, म्हणून तो मला कायम जवळचा वाटतो. ब्रिटिश सैन्य भारतात पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसं कोरडा मोसम येईपर्यंत तबेल्यांत ठेवत असे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाळी दमटपणा, दोन्ही एकत्र आले. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या तर पुंगळ्यांना चिरा. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी याचं कारण मांडलं: पितळेतला शिल्लक ताण आणि अमोनिया, दोघे मिळून. उपाय त्यांच्या कारणातच होता. पुंगळी बनवल्यावर हलकं तापवून ताण काढायचा आणि साठा अमोनियापासून दूर, कोरड्या जागी ठेवायचा. आजही लष्करी ५.५६ आणि ७.६२ मिमी मापाच्या पुंगळ्यांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो या तापवण्याचाच. नागरी बाजारातल्या बहुतेक पुंगळ्यांवरून तो पॉलिश करून काढलेला असतो.

घरात अमोनिया कुठे असतो? ब्रासोसारख्या धातू पॉलिशमध्ये. काचा पुसायच्या कित्येक निळ्या द्रवांत. मांजराच्या वाळूच्या पेटीत, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात. बागेच्या खताच्या पोत्यात, मग ते अमोनियम सल्फेट असो की युरिया, कारण ओल लागली की युरियातूनही अमोनिया सुटतो. कल्हईसाठी आणलेल्या नवसागरात. आणि खुद्द नेमबाजाच्या खोक्यात: बंदुकीच्या नळीतलं तांबं काढायच्या स्वीट्स ७.६२ सारख्या द्रावणात अमोनिया असतो, आणि त्याने भिजलेल्या चिंध्या लोक पुंगळ्यांच्या डब्याशेजारीच टाकून देतात. या सगळ्यापासून साठा वेगळ्या खोलीत ठेवा. चमक आणण्यासाठी ब्रासो तर कधीच नको, भांड्यांसाठी ते कितीही छान असलं तरी.

कुठल्या डब्यात ठेवाव्यात?

जाड प्लॅस्टिकचे, घट्ट झाकणाचे डबे सर्वोत्तम. कॉफीचे मोठे प्लॅस्टिक डबे, पीनट बटरच्या बरण्या, पाच गॅलनची बादली, सगळं चालतं. बरणी धुऊन तिचा वास पूर्ण जाऊ द्या. थोड्या संख्येसाठी फ्रीझरच्या जाड झिप पिशव्या छान. पातळ सँडविच पिशव्या घेऊ नका, पुंगळ्यांच्या कडा त्यांना भोकं पाडतात. रबरी गॅसकेट असलेला लष्करी पत्र्याचा ॲमो कॅन ओलावा चांगला अडवतो, पण आत पुंगळ्या पिशवीत घालून ठेवा.

वजनाचा अंदाज आधी घ्या. ९ मिमी या पिस्तुलाच्या मापाच्या हजार पुंगळ्या साधारण ४ किलो, रायफलच्या मापांपैकी .२२३ च्या हजार साधारण ६ किलो आणि .३०८ च्या हजार ११ किलोच्या आसपास. पूर्ण भरलेली बादली उचलताना पाठ धरते, आणि तळाच्या .२२३ पुंगळ्यांची तोंडं वजनाने चेपतात. रायफलच्या पुंगळ्यांसाठी छोटे डबे बरे. स्पर्धेसाठी जपलेल्या पुंगळ्या तर खाचांच्या प्लॅस्टिक पेटीत, एकेक उभी ठेवाव्यात.

काय टाळायचं? पुठ्ठ्याची खोकी ओल शोषतात आणि पितळेवर धरून ठेवतात. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या पुंगळीवर चामडं कमावताना वापरलेल्या आम्लांमुळे हिरवा जंगाल चढतो. ओकच्या लाकडी पेटीतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. आणि गठ्ठे बांधायला रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने जिथे स्पर्श होतो तिथे काळा पट्टा उठतो.

सिलिका जेल लागतंच का?

कोलोरॅडोत नाही. गल्फच्या किनाऱ्यावर, फ्लोरिडात, न्यू जर्सीच्या तळघरात हो. डब्यातली आर्द्रता ५०% च्या खाली राहिली तर पुरे. रंग बदलणारे नारिंगी मणी घ्या. जुने निळे मणी कोबाल्ट क्लोराइडचे असतात, ते घरात मुलं असताना नकोत. मणी ओले झाले की ११० ते १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवले की पुन्हा कामाला येतात. मात्र ओल्या पुंगळ्यांसोबत जेल टाकून ते वाळवेल अशी आशा धरू नका. जेल हवेतला ओलावा ओढतं, खळग्यातला थेंब नाही.

गॅरेज, माळा, तळघर की घरातलं कपाट?

घरातलं कपाट. ज्या खोलीत माणसाला बरं वाटतं त्या खोलीत पितळेलाही बरं असतं.

गॅरेजमध्ये ठेवायला लागलंच तर उष्णतेपेक्षा चढउताराची काळजी करा. रात्री थंड झालेल्या धातूवर सकाळची दमट हवा लागली की बर्फाच्या ग्लासावर जमतं तसं दव जमतं. डबा घट्ट असेल तर आत नवी हवा येत नाही आणि हा प्रकार थांबतो. थंड गॅरेजमधून डबा उबदार घरात आणला तर लगेच उघडू नका, तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या. काँक्रीटच्या फरशीवर थेट ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. उघडी बादली गॅरेजमध्ये ठेवाल तर कुंभारमाशी पुंगळीत मातीचं घरटं करते. नळीच्या आकाराची पोकळी तिला फार आवडते, आणि ती माती खडखडीत वाळली की पुंगळी फेकूनच द्यावी लागते.

काळपट पडल्या. वाया गेल्या का?

काळपट, तपकिरी, मधासारखा पिवळा: हे सगळे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचे. ताकदीवर त्याचा परिणाम होत नाही. पुन्हा पॉलिश करण्याची गरजही नाही.

हिरवं दिसलं तर थांबा. हिरवा जंगाल नखाने किंवा कोरड्या टंबलिंगने निघाला आणि खाली पितळ सपाट असेल तर पुंगळी वापरता येते. खाली टोचल्यासारखे खड्डे असतील तर बाद. गुलाबी ठिपके, एकसारखी छटा नव्हे तर ठिकठिकाणचे ठिपके, हे त्या जागचं जस्त निघून गेल्याचं लक्षण. तेही बाद. खड्डे बुडाजवळ असतील तर शंका घेत बसू नका, कारण सगळ्यात जास्त भार तिथेच येतो.

तेल किंवा मेण लावून ठेवावं का?

तेल नको. तेलाचा अंश प्रायमरला आणि दारूला निकामी करू शकतो, आणि आतून तेल पुसून काढणं कठीण. मेणाचा पातळ थर मात्र उपयोगी. कोरड्या टंबलरच्या चुऱ्यात झाकणभर न्यू फिनिशसारखं अमोनियारहित कार पॉलिश घालून चुरा आधी रिकामाच दहा-पंधरा मिनिटं फिरवा, मग पुंगळ्या घाला. त्यांची चमक महिनोन्महिने टिकते आणि हाताच्या घामाचे ठसे उमटत नाहीत. ओल्या पद्धतीने धुतलेल्या पुंगळ्या फार उघड्या पडलेल्या असतात आणि लवकर काळवंडतात. त्यांना हा शेवटचा कोरडा फेरा विशेष मानवतो.

गंजरोधक कागद किंवा पिशव्या घेताना त्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही फक्त लोखंड-पोलादासाठी असतात आणि त्यातली अमाइन संयुगं तांब्याच्या मिश्रधातूंना उलट त्रास देतात. सर्व धातूंसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

वर्गवारी साठवण्याआधी करावी की वापरायच्या वेळी?

आधी. अगदी ठामपणे आधी. वापरायच्या वेळी प्रेससमोर, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्रासमोर, बसलेला माणूस घाईत असतो, आणि घाईत .३८० ची पुंगळी ९ मिमीच्या ढिगात दिसत नाही. दोन्हींची जाडी डोळ्याला सारखी, लांबीत फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा: ९ मिमीची १९.१५, .३८० ची १७.३.

रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्या असतील तर आधी चुंबक फिरवा, पोलादी पुंगळ्या चिकटून बाजूला होतील. मग माप. टंबलरमध्ये ९ मिमीची पुंगळी .४० च्या पोटात शिरते, .४० ची .४५ च्या पोटात, आणि आतली तशीच मळकी आणि ओली राहते. म्हणून धुण्याआधीच मापं वेगळी करा. .४५ मध्ये हल्ली मोठ्या प्रायमरच्या आणि छोट्या प्रायमरच्या अशा दोन्ही पुंगळ्या मिळतात, त्या वेगळ्या काढा. ९ मिमीत काहींच्या आत पायरी असते, टॉर्च धरून आत पाहिलं की दिसते. आत जागा कमी असल्याने त्यात दारूचा नेहमीचा भार घातला तर दाब वाढतो. त्या सरळ भंगारात टाका.

नंतर बुडावरचा शिक्का पाहा. एल सी आणि दोन आकडी वर्ष म्हणजे मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावची लेक सिटी ही लष्करी फॅक्टरी. वर्तुळातला क्रॉस म्हणजे नाटोच्या मापाची खूण. अशा लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवतीचं पितळ दाबून पक्कं केलेलं असतं, ते पितळ मोकळं केल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही. मोकळं केलेल्या आणि न केलेल्या पुंगळ्या कधीही एका डब्यात घालू नका. ७.६२ च्या लष्करी पुंगळीची भिंत जाड असल्याने आत जागा कमी, म्हणून व्यावसायिक .३०८ साठी ठरवलेला भार तिच्यात तसाच चालत नाही.

डब्यावरच्या चिठ्ठीत माझ्या मते एवढं तरी हवंच: माप, शिक्का, किती वेळा झाडल्या, शेवटचं ॲनीलिंग (मान तापवून नरम करणं) कधी, आणि आत्ता कुठल्या टप्प्यावर आहेत, म्हणजे नुसत्या धुतलेल्या, मापात दाबलेल्या की लांबी छाटलेल्या. चिठ्ठी झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. डब्याच्या अंगावर चिकटवा आणि तीच माहिती लिहिलेली दुसरी चिठ्ठी आत टाका. पुंगळ्या ज्या संख्येने एकत्र झाडल्या त्याच संख्येने एकत्र ठेवा. निम्म्या तीनदा झाडलेल्या आणि निम्म्या सहादा झाडलेल्या असा डबा झाला की त्याचं वय म्हणजे सहा, असंच धरून चालायचं.

ढिगात के एफ असा शिक्का असलेली .३०३ ची जुनी पुंगळी सापडली. ही आपल्याकडची का?

हो, के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. तो १८६९ पासून आहे. ओ एफ व्ही असा शिक्का दिसला तर ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची. दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. अमेरिकन रेंजच्या धुळीत खडकीचा शिक्का हाती आला की छाती भरून येते, हे मान्य.

पण .३०३ ची ती पुंगळी धुण्याच्या ढिगात टाकू नका. तिच्या बुडात टॉर्चने पाहिलंत तर मधोमध एक छिद्र नसून बाजूला दोन बारीक छिद्रं दिसतील. ही बर्डन पद्धत. अमेरिकन डायची (पुंगळी मापात दाबायच्या साच्याची) मधली सुई त्यावर आपटून मोडते. आठवण म्हणून वेगळी ठेवा, भरण्यासाठी नको.

मापात दाबून ठेवाव्यात की झाडलेल्या आकारातच?

झाडलेल्या आकारात, फक्त प्रायमर काढून आणि धुऊन. साठवणीत तोंड जरा चेपलं तरी पुढे डाय ते सरळ करते, आणि दाबण्याचा नवा ताण पितळेत बसून राहत नाही. दाबून ठेवायच्याच असतील तर डायचं वंगण पूर्ण धुऊन काढा. चिकट मानेला धूळ आणि चुरा चिकटतो, आणि तो थेट डायमध्ये जाऊन ओरखडे पाडतो.

प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या तशाच साठवता येतात का?

येतात, पण त्यांना रिकाम्या पुंगळ्या समजू नका. प्रायमर हा स्फोटक आहे. डबा वेगळा, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात तसं लिहिलेलं, आणि कुलूप. तेल, सॉल्व्हंटची वाफ आणि उष्णता यांपासून दूर. त्या पुन्हा धुवायच्या नाहीत, टंबलरमध्ये घालायच्या नाहीत, डीहायड्रेटरमध्ये तर नाहीच. सुटे प्रायमर बरणीत ओतून ठेवण्याचा प्रकार काही जण करतात. तो जिवावर बेतू शकतो, कारण एक पेटला तर सगळे एकदम पेटतात. ते कंपनीच्या मूळ खोक्यातच राहू द्या.

घरात लहान मुलं आहेत. साफ झालेल्या पुंगळ्यांत शिसं राहतं का?

साफ पुंगळीवर फार थोडं. खरा धोका साफ करताना आहे. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, ते टंबलरच्या चुऱ्यात आणि काळ्या पाण्यात उतरतं. चुरा चाळायचं काम घराबाहेर करा, मास्क लावा, पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. हात थंड पाण्याने आणि शिशासाठीच्या खास साबणाने धुवा. ज्या डीहायड्रेटरमध्ये पुंगळ्या एकदा वाळवल्या त्यात पुन्हा आंबापोळी वाळवायची नाही. त्याच्यावर रंगाने खूण करा आणि तो गॅरेजमध्ये ठेवा. चाळण, टॉवेल, ओव्हनचा ट्रे यांनाही हाच नियम. रांगणारी मुलं असतील तर रेंजचे बूट घरात आणू नका.

मी एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या (नॉन-इमिग्रंट) व्हिसावर आहे. मित्रासोबत रेंजवर गेलो तर पुंगळ्या गोळा करून घरी ठेवू का?

आधी वकिलाला विचारा. हे उत्तर अनेकांना धक्का देतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या आणि दारू यांची नावं आहेत. आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला मनाई आहे. यात काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ वैध शिकारीचा परवाना असणं. तुम्ही अपवादात बसता की नाही हे मित्राच्या सांगण्यावर ठरवू नका. रिकाम्या पितळेच्या एका बादलीपायी ग्रीन कार्डची वाट अडू नये.

पुण्याला जाताना भाच्यासाठी दोन-चार चकचकीत पुंगळ्या नेल्या तर?

नेऊ नका. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात आणि परवान्याशिवाय दारूगोळा बाळगता येत नाही. अमेरिकेतल्या विमानतळावर कुणी अडवलं नाही म्हणून मुंबईला अडवणार नाहीत असं नाही. सामान भरण्याआधी रेंजच्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, एखादी पुंगळी अस्तरात अडकलेली असते. ती बॅगच प्रवासाला न नेणं उत्तम. भारतात काडतुसं घरी पुन्हा भरणंही मोकळं नाही, दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे इथे जे लिहिलं आहे ते पुण्यात करून पाहायचं नाही.

बऱ्याच वर्षांनी डबा उघडला. वापरण्याआधी काय पाहायचं, आणि बाद पुंगळ्यांचं काय करायचं?

आधी चिठ्ठी वाचा. चिठ्ठी नसेल आणि पुंगळ्या रायफलच्या असतील तर मी त्या वापरत नाही.

मग मूठभर घेऊन हातात हलवा. धड पुंगळ्या खणखणतात, चिरलेली पुंगळी मधेच बद्द आवाज देते. कान सरावला की ती लगेच सापडते. चांगल्या उजेडात मानेवर उभी चीर आहे का पाहा, भिंग वापरा. रायफलच्या पुंगळीत कागदाच्या क्लिपचं टोक वाकवून आत घाला आणि तळापासून वर ओढा. बुडाच्या थोडं वर टोक खाचेत अडखळलं तर तिथली भिंत पातळ झाली आहे. बाहेरून त्याच जागी कधी कधी चकाकती रेघ दिसते. पुढच्या वेळी ती पुंगळी तिथेच दोन तुकडे होणार. प्रायमरचे खळगे आणि बुडाचं छिद्र मोकळं आहे का तेही बघा, साफसफाईच्या चुऱ्याचा कण तिथे वर्षानुवर्षं अडकून राहतो.

बाद ठरलेली पुंगळी लगेच पक्कडीने तोंडाशी चेपा. नुसती बाजूला ठेवलेली पुंगळी आज ना उद्या कुणाच्या तरी हाताने परत ढिगात जाते. चेपलेल्या पुंगळ्यांची वेगळी बादली भरली की भंगारवाल्याकडे द्या, पितळेला चांगला भाव येतो. त्याआधी एकेकीचं बूड पाहून घ्या, न फुटलेला प्रायमर एकाही पुंगळीत राहता कामा नये.